निफाडच्या हॉलमधला उजेड

शेखी मिरवायची मला लहानपणापासून हौस. त्या हौसेची किंमत माझ्या आत्यानं मोजली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. निफाडला राहायची आणि घराच्या पडवीत शिवणवर्ग चालवायची. पाच पायमशिनी होत्या. द्राक्षाची तोडणी उरकली की आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका शिकायला यायच्या. बाही बसवावी तर आत्यानंच, असं तिकडं म्हणत. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा गावातल्या एका संस्थेनं तिच्या वर्गासाठी हॉल बांधायचं ठरवलं. आत्या नुसती हरखली होती. तिची मागणी एकच: उजेड. दिवसा वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, आणि काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर खिडकीच लागते.

मी तेव्हा नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात नोकरी करत होते. इमारत बांधायच्या आधीच तिच्यात किती उजेड पडेल, हे आम्ही कॉम्प्युटरवर काढून द्यायचो. त्यासाठीचा प्रोग्रॅम फुकटचा होता, पण तयार मिळत नसे. त्याचा कोड सीडीवर यायचा आणि तो आपल्या मशीनवर आपणच कंपाइल करायचा, म्हणजे चालेल असा बनवून घ्यायचा. तो कसा वागेल याचे पर्याय बनवतानाच निवडायचे. एकदा बनला की ते पर्याय आत गाडले जात. वरून बघून काही कळायचं नाही.

त्यातला एक पर्याय आकडे आखूड ठेवण्याचा होता. मेमरी निम्मी लागे आणि अचूकता थोडी कमी होई. आमच्या मशीनला मेमरी पुरत नव्हती, म्हणून मी मालकांकडे वाढवून मागितली. त्यांना आम्ही सर म्हणायचो. ते म्हणाले, "आहे त्यात भागवा की. इंजिनिअर कशाला ठेवलेत?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, भागवूनच दाखवते. तो पर्याय लावला, पुन्हा कंपाइल केलं, आणि प्रोग्रॅम झकास चालला. सरांनी तो सगळ्या मशीनवर टाकायला लावला आणि आधीचा पुसून टाकला. कसा बनवला ते कुठं लिहिलं? कुठंच नाही. चालतंय ना, मग लिहायचं कशाला, ही आमच्या ऑफिसची रीत. आणि ती सरांइतकीच माझीही होती.

"माझी भाची हाय ना, ती काढून देईल," असं सांगून आत्यानंच हॉलचं काम आमच्याकडं आणलं. संस्थेनं जागा उपग्रहावरून मोजणाऱ्या नव्या यंत्रानं मोजून घेतली होती. केवढी ती हौस! एरवी आम्ही इमारतीचा एक कोपरा शून्यावर ठेवून काम करायचो. या नकाशातलं शून्य पार विषुववृत्तावर होतं. हॉलचा प्रत्येक कोपरा तिथून मिलिमीटरमध्ये मोजलेला, त्यामुळं आकडे मारुतीच्या शेपटासारखे लांब. हॉल उचलून शून्यावर आणणं हे पाच मिनिटांचं काम. मी नाही आणला. कॉम्प्युटरला काय फरक पडतो, म्हटलं.

उत्तर फार छान आलं. हॉलभर उजेड. चित्रात भिंतीच्या माथ्याला, अगदी स्लॅबखाली, उजेडाची एक लखलखीत रेघ दिसत होती. सरांना ती इतकी आवडली की त्यांनी ते चित्र रिपोर्टच्या मुखपृष्ठावर छापलं. एवढा उजेड आहे तर पूर्वेच्या तीन खिडक्या कशाला, असं संस्थेनं विचारलं. त्या नकोत असं मीच लिहून दिलं, आणि त्या गाळल्या गेल्या. आत्यानं फोन करून विचारलं, "पोरी, नीट उजेड येईल ना गं?" मी म्हटलं, "आत्या, तू डोळे मिटून शिवशील."

उद्घाटनाला गेले तेव्हा सगळ्या ट्यूबलाइट लावलेल्या होत्या. पेढे खाल्ले, फोटो काढले आणि परत आले. उजेड मोजायचं मीटर ऑफिसच्या कपाटात होतं. ते पिशवीत घालून न्यावं, एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

वर्षभरानं आत्या डोळे दाखवायला आमच्याकडं आली. हॉलमध्ये टाका दिसत नाही, सुईत दोरा जात नाही, टीप वाकडी जाते. बायकाही अंधार आहे म्हणायच्या आणि मशिनी दाराशी ओढायच्या. आत्या त्यांना गप्प करायची. म्हणायची, "माझ्या भाचीनं कॉम्प्युटरवर मोजलाय उजेड. तुमाला जास्त कळतं का?" डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदूची जेमतेम सुरुवात होती, चष्म्याचा नंबर किंचित बदलला होता, बाकी सगळं ठीक. आत्याला काही ते पटेना. "मन राखत्यात माझं," ती रिक्षात म्हणाली. मी शेजारीच बसले होते. तिचा हात हातात घेऊन मी म्हटलं, "वय झालं गं आता. हॉलमध्ये भरपूर उजेड आहे, मी मोजलाय ना."

असं बोलले मी. या तोंडानं.

तिनं वर्ग सोडला. घरातलं स्वतःचं मशीनही विकून टाकलं. दिसतच नाही तर धूळ खात कशाला ठेवायचं, म्हणाली.

पुढं दोनेक वर्षांनी ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले. मी प्रोग्रॅम मूळ सीडीवरून, पर्यायांना हात न लावता, पुन्हा कंपाइल केला आणि चाचणीसाठी निफाडच्या हॉलची जुनी फाइल चालवली. उजेड तिसऱ्या हिश्श्यावर आला. मुखपृष्ठावरची ती रेघही गायब. मला वाटलं, नवा प्रोग्रॅमच चुकतोय. चार दिवस मी त्याच्यातल्या चुका शोधत बसले. पाचव्या दिवशी आकडे आखूड ठेवण्याचा तो जुना पर्याय आठवला. आखूड आकड्यांत ते लांबलचक आकडे मावले नव्हते. शेवटचा वीतभर हिशोब गळून पडला होता. कॉम्प्युटरमध्ये भिंती आणि स्लॅब जागचे हलले आणि त्यांच्यामध्ये फट राहिली. सगळा उजेड त्या फटीतून आत येत होता. निफाडला ती फट नव्हतीच. गवंड्यानं आपलं काम चोख केलं होतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "कुणाची तक्रार आली का? नाही ना? मग उकरून कशाला काढता?" तक्रार कशी येणार, सर? तक्रार करणारी बाई स्वतःच्याच डोळ्यांना दोष देत घरी बसली होती. पण हे मी मनातल्या मनात म्हटलं. आत्यालाही पुढं दोन वर्षं काही सांगितलं नाही. त्याला काय सरांनी अडवलं होतं? त्या काळात दिवाळीला तिच्याकडं जाऊन फराळ मात्र करून आले.

शेवटी सांगितलं ते तिच्याच दारात बसून, सकाळी. पर्याय, आकडे, फट, सगळं तिला समजेल असं सांगितलं. माझ्या ओढणीची कड उसवलेली होती. आत्या आत गेली, सुईदोरा घेऊन आली, दारातल्या उन्हात सुई धरली आणि पहिल्या खेपेतच दोरा ओवला. कड शिवून दोरा दातानं तोडला. मग टाक्यांवरून बोट फिरवत राहिली.

"म्हंजी डोळे चांगले हुते माझे," ती म्हणाली. "मग मी मशीन कशाला विकलं गं?"