हरिदासभाऊंची दहा मिनिटं

आमच्या शेजारचे हरिदासभाऊ मेश्राम सिमेंटच्या कारखान्यात सव्वीस वर्षं एका पिवळ्या डब्याची देखभाल करायचे. मोठ्या टाकीत माल किती उरला, ते त्या डब्यातले अणूचे किरण सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांना 'अणुभट्टी' हे नाव मीच दिलं. चौबे कॉलनीत मी ठेवलेली नावं आधार कार्डापेक्षा जास्त चालतात.

मग त्यांना नात झाली, श्रावणी. हिंदी घरातून आलेल्या सुनेची, चेतनाची, आई अभनपूरहून आली, 'अणुभट्टी' हे नाव तिच्या कानावर पडलं, आणि आजोबांनी पोरीला हात लावायचा नाही असं ठरलं. अंगात किरण मुरले असतील म्हणे. चेतनाला अर्धं पटलं, अर्धं नाही. मुलगा लोकेश मोबाइलमध्ये बघत बसला. भाऊ भांडले नाहीत. पाळण्यापासून चार हात दूर खुर्ची ठेवून बसू लागले. चहा आला तर प्यायचे, नाही आला तर मागायचे नाहीत.

पोरीच्या तिसऱ्या महिन्यात त्यांनी घरीच किरण मोजायचं यंत्र करायला घेतलं. नखाएवढा डायोड, त्यावर उजेड अडवायला काळी पट्टी. किरण आदळला की त्यातून वीज निघते, पण इतकी बारीक की ती मोठी करायला प्रीअँप लागतो. तो त्यांनी विहारातल्या मोडक्या लाउडस्पीकरमधून काढला. होता माइकचा आवाज वाढवायचा. दोन-तीन भाग बदलून डायोडला जोडला.

चार महिने गेले. एका रविवारी सगळ्यांना बसवलं. टेबलावर यंत्र गप्प होतं. भाऊंनी हात जवळ नेला न् ते टरटरलं. हात मागे घेतला, पुन्हा गप्प. चेतना पोरीला उचलून आत गेली.

मी म्हटलं, "भट्टी अजून गरमच हाय."

कोणी हसलं नाही. भाऊ रागावले असते तरी बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी माझा हात यंत्राजवळ धरायला लावला. तसंच टरटरलं.

"किरण नाही हे, वहिनी. घरातल्या वायरींची गुणगुण आपल्या आंगातून जाते. प्रीअँप उघडा हाय, तो तेच ऐकून राहिला."

गोल बाजारातून पत्र्याचा डबा आणून यंत्र त्यात बंद केलं, डायोडपुढे खिडकी कापून फॉइल चिकटवली, डब्याला अर्थिंगची तार जोडली. आता हाताला ते दाद देईना. पेट्रोमॅक्सची जुनी जाळी समोर धरली, तिच्यात किरण असतात; लगेच टिकटिक सुरू झाली. म्हणजे ऐकत होतं.

परत सगळे बसले. थोडे किरण जगात सगळीकडेच असतात, म्हणून एकेकासमोर दहा दहा मिनिटं टिकटिक मोजायची. आधी नुसत्या भिंतीसमोर, चार. मी पाच. लोकेश चार. भाऊ चार.

"दस मिनट और," चेतना म्हणाली.

भाऊ तसेच बसले. आले तीन.

चेतना उठली. "ले लीजिए, बाबूजी."

सात महिन्यांची पोर त्यांच्या मांडीवर आली न् रडू लागली. तिला ती मांडी ओळखीचीच नव्हती. भाऊंचा चेहरा होता तसाच. झुलवलं नाही, परतही दिलं नाही.

"आता हिले काय करू?"

"कुछ मत करिए. बैठे रहिए."

ते बसून राहिले.