मसुदेबाईंचं एक वाक्य

मालक संघटनेच्या कचेरीत दर दोन वर्षांनी अध्यक्ष बदलत, पण मसुदेबाई एकतीस वर्षं त्याच खिडकीपाशी बसून होत्या. सरकार एखादा नवा कायदा आणायला निघालं की कारखानदार मंडळी तावातावानं येत, टेबलं बडवत आणि सगळा आरडाओरडा बाईंच्या पुढ्यात ओतून जेवायला निघून जात. त्या आरडाओरड्यातून चार पानांचं निवेदन काढायचं, हे बाईंचं काम. ‘सरकारनं आमच्या मानेवर सुरी ठेवलीय’ असं एखादा मालक किंचाळला, तर बाईंच्या कागदावर ‘या तरतुदीचा फेरविचार व्हावा’ एवढंच उतरे. मसुदे लिहून लिहून नाव पडलं मसुदेबाई. खरं नाव आता फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं.

त्यांची स्वतःची अशी एक पद्धत होती. समितीतले आमदार पहिलं पान वाचतात आणि शेवटचं वाचतात, मधली पानं नुसती उलटतात, हे त्यांनी फार लवकर हेरलं होतं. म्हणून पहिल्या पानावर देशाची प्रगती, शेवटच्या पानावर आभार आणि खरी मागणी मध्ये कुठंतरी, अंग चोरून बसलेली. वाक्य लिहून झालं की त्या ते घरी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवत. नवरा पोस्टातून निवृत्त झालेला. तो ऐकता ऐकता पेंगला की वाक्य पास. मान वर करून त्यानं ‘काय म्हणालीस?’ असं विचारलं की वाक्य नापास, पुन्हा लिहायचं. कुणाच्याही कानाला टोचणार नाही असं वाक्य बनवण्यात बाईंचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

पण ही झाली कचेरीतली बाई. घरातल्या बाईचा सगळा जीव दोन दिवसांच्या प्रवासावर राहत होता. त्यांचा एकुलता एक मुलगा फिटर. गावातला यंत्रांचा कारखाना सहा वर्षांपूर्वी बंद पडला तेव्हा तो कामासाठी लांबच्या शहरात गेला, तिथंच संसार मांडला, तिथंच त्याला मुलगी झाली. रविवारी सकाळी फोन यायचा. बाई आठ वाजल्यापासून फोनजवळ घुटमळत, आणि तो वाजला की दोनदा वाजू देऊन मगच उचलत, म्हातारी वाटच बघत बसलेली असते असं सुनेला वाटू नये म्हणून. नातीला त्यांनी आजवर मांडीवर घेतलं होतं ते सगळे मिळून एकवीस दिवस. रस्त्यानं कुणाची पोर दप्तर उडवत जाताना दिसली की ती वळेपर्यंत बाई बघत राहत. आपल्या नातीची चाल कशी आहे, हेसुद्धा त्यांना नीट ठाऊक नव्हतं.

अशात एक विधेयक आलं. पन्नासांहून जास्त माणसं असलेल्या मालकाला कुणालाही कामावरून काढायचं तर तीन महिने आधी सांगायचं आणि कामगार अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. मालकांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या वेळचे अध्यक्ष पंप बनवायचे आणि गावाबाहेर त्यांचा नवा कारखाना उभा राहत होता.

“बाई, हे असंच्या असं मंजूर झालं ना, तर मी नव्या कारखान्याला कुलूप लावतो,” ते म्हणाले. “दोनशे नोकऱ्या गेल्या म्हणून समजा.”

“त्यात फिटर किती, साहेब?” बाईंनी विचारलं.

“तीस तरी लागतील. का हो?”

बाईंनी तो आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. त्या संध्याकाळी, रविवार नसतानाही, त्यांनी मुलाला फोन केला.

“पक्की नोकरी असेल तर दुसऱ्या दिवशी निघतो, आई,” तो म्हणाला. “इथं काय ठेवलंय? पण पक्की हवी हं.”

एकतीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या मागण्या लिहिल्या होत्या. हे पहिलं निवेदन त्यांनी स्वतःसाठी लिहिलं. नवरा बिचारा रोज ऐकून ऐकून इतका पेंगला की एकदा जेवणाच्या ताटावरच डुलकी लागली. “मालकांची तळी उचलून तुला काय मिळणार आहे गं?” तो म्हणाला. “माझं पोर मिळणार आहे,” बाई म्हणाल्या आणि पुढचं पान वाचू लागल्या. पोराची खोली त्यांनी तेव्हाच रंगवून घेतली. जवळच्या शाळेत जाऊन नातीच्या प्रवेशाची चौकशीही करून आल्या. मुख्याध्यापिकेनं विचारलं, मुलगी कुठाय? “येतेय,” बाई म्हणाल्या, जणू पोर कोपऱ्यावर वळलीच आहे.

समितीपुढं सुनावणी झाली त्या दिवशी बाई नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर कामगारांचे पुढारी. दोन्ही बाजू हट्टाला पेटलेल्या. पुढारी म्हणे, एक अक्षर बदलू देणार नाही. अध्यक्ष म्हणे, मग कारखानाच नको. दुपार झाली, आमदार घड्याळं बघायला लागले, आणि समितीच्या प्रमुखांनी फाइल मिटायला घेतली. अध्यक्षांनी मागं वळून हळूच म्हटलं, “बाई, काहीतरी सुचवा. लवकर.”

बाईंनी चिठ्ठी लिहिली. ‘बारा महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी नेमलेल्या व्यक्तींना ही तरतूद लागू असणार नाही.’ जेमतेम दीड ओळ. अध्यक्षांनी ती वाचून दाखवली. पुढाऱ्यांना वाटलं, कायम कामगारांना तर धक्का नाही. मालकांना वाटलं, पळवाट मिळाली. आमदारांना वाटलं, जेवायला मिळालं. कुणाच्याही कानाला ते वाक्य टोचलं नाही. अध्यक्षांनी बाहेर आल्यावर सगळ्यांदेखत बाईंना हात जोडले. बाई घरी आल्या त्या जवळजवळ पळतच. कारखाना होणार, पोर येणार! त्या आनंदात ते वाक्य नवऱ्याला वाचून दाखवायचंही राहून गेलं.

कारखाना झाला. मुलानं अर्ज केला, येऊन परीक्षा देऊन गेला, पास झाला. दोन दिवस राहिला तेवढ्यात बाईंनी त्याला तीनदा विचारलं, खोलीचा रंग आवडला ना? तो हसून म्हणाला, नेमणुकीचं पत्र हातात पडू दे, मग सामानाला हात लावतो.

पत्र पडलं तो दिवस बुधवार होता. फोन पहिल्याच घंटेला बाईंनी उचलला.

“कधी निघताय?”

“आई,” मुलगा म्हणाला, “अकरा महिन्यांची नेमणूक आहे गं.”

“म्हणजे?”

“म्हणजे अकरा महिने. पुढं ठेवलं तर ठेवलं. तिथल्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, सगळ्यांना असंच देतोय, नव्या कायद्यात तशी सवलत आहे. इथं मी कायम आहे, आई. सहा वर्षं घासली तेव्हा कुठं झालो. बायकोमुलीला घेऊन अकरा महिन्यांसाठी कसा येऊ?”

बाई खुर्चीवर बसल्या. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला.

“कुणाच्या डोक्यातून आली ही सवलत कोण जाणे,” मुलगा म्हणत होता. “चांगलं पक्कं काम मिळत होतं. तुमच्या कचेरीत कुणाला ठाऊक असेल ना? विचार तरी, कुणी घातली ती.”

अशा वेळी म्हणायला बाईंकडे शंभर वाक्यं होती. चौकशी करून कळवते, वरच्या पातळीवर ठरलं असावं, विचार चालू आहे. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं?

“मी घातली रे,” त्या म्हणाल्या. “माझंच वाक्य आहे ते. तू यावास म्हणून लिहिलं.”

मुलाच्या मागून, कोण बोलतंय, असं विचारणारा बारीक आवाज आला. “आजी आहे,” मुलगा म्हणाला. “घे, बोल तिच्याशी.”

“आजी, मी माझी बॅग भरली,” नात म्हणाली. “एकटीनं भरली. आईनं हातसुद्धा लावला नाही.”

बाईंनी डोळे पुसले. “हो का गं? काय काय भरलंस, सांग बघू.”

नात एकेक वस्तू सांगत गेली, आणि बाईंना तिला थांबवावंसं वाटेना.