मालक बदलला की काकूंचा चिवडा

आमच्या शुगर लँडच्या काकांइतका रागावलेला माणूस अख्ख्या टेक्सासमध्ये सापडायचा नाही. उकाड्यावर, शेजाऱ्याच्या लॉनवर, अगदी आन्सरिंग मशीनवरही ते रागवत. मशीनने निरोप ठेवायला सांगितलं की "आधी तू कोण ते सांग" असं दरडावून उत्तराची वाट बघत. पण नव्वदच्या दशकात त्यांच्या रागाला हक्काची जागा मिळाली, ती म्हणजे आमचं लोकल टीव्ही स्टेशन. तिथे दर रविवारी सकाळी काका अर्धा तास देशी कार्यक्रम करत. ऑगस्टच्या घामातही सूट घालून मुलांची गाणी, गणपतीची तारीख, कोणाचे आईवडील आलेत, सगळं सांगत. इथे नव्याने आलेल्या कितीतरी बायकांना पहिली मैत्रीण मिळाली ती त्या अर्ध्या तासामुळे.

आणि नेमकं तेच स्टेशन विकलं जाऊ लागलं. एका कंपनीने घेतलं, तिला दुसरीने गिळलं, दुसरीने तिसरीशी लग्न लावलं. "स्टेशन आहे की सेकंडहँड टोयोटा?" काका करवादत. दर वेळी काकूंचा चिवडा घेऊन नव्या मॅनेजरकडे जायचं, त्याला कार्यक्रमाचं महत्त्व पटवायचं, आणि पटेपर्यंत तो गेलेला असायचा.

तिसऱ्या खेपेला मी सोबत होतो. "काका, अशा लोकांशी बोलायचं माझ्यावर सोडा," म्हणत मी दारातच एका टायवाल्याला गाठलं, त्याच्या हातातल्या खोक्यावर चिवड्याचा डबा ठेवला आणि नव्या मालकांच्या दूरदृष्टीवर भाषण ठोकलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की तो स्वतःच जुना मॅनेजर. नव्या मालकांनी त्याला आत्ताच काढलंय, आणि यापुढे सगळं त्यांच्या अटलांटातल्या ऑफिसातून ठरणार.

"गाढवा, डबा तरी उघडून दे त्याला," काका मला म्हणाले. पार्किंगमध्ये आम्ही तिघांनी उभ्याउभ्या चिवडा खाल्ला. त्याने शेंगदाणे तेवढे वेचले. काका चक्क त्यावरही रागावले नाहीत.

पुढच्या रविवारी कार्यक्रमाच्या वेळेला एक माणूस सुऱ्या विकत होता. मला आजही संताप येतो. ज्यांनी शुगर लँड डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, त्यांनी आमचा रविवार जाहिरातवाल्याला विकून टाकला. काका सूट घालून टीव्हीसमोर बसले आणि त्या सुरीवाल्याला अर्धा तास मराठीत झोडपत राहिले. मग दर रविवारी तेच.

वर्षभराने मी बातमी नेली, "काका, स्टेशन परत विकतायत म्हणे."

मी कानावर हात ठेवायच्या तयारीत होतो. काकांनी सुरीवाल्याचा आवाज बारीक केला, स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि हळूच विचारलं, "अगं, पातळ पोहे आहेत का घरात?"