किल्लीवाल्या आत्याचा वाटा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आहे. रुंदी इतकी, की एक गिऱ्हाईक आत आलं तर दुसऱ्यानं पोट आवळून उभं राहावं. तिथं आत्या किल्ल्या बनवते. सख्खी आत्या ती एकाच पोराची. त्याला तिनंच लहानाचा मोठा केला. पण अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणते. हात यंत्रावर, तोंड गिऱ्हाइकावर. किल्ली हरवून आलेल्याची ती आधी बिनपाण्यानं करते, मग किल्ली करते. "कान डोक्याला चिकटलेत म्हणून बरं, नाहीतर तेही कुठंतरी विसरून आला असतास!" लोक ऐकून घेतात, कारण तिची किल्ली पहिल्या फटक्यात फिरते.

भाचा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, पितळेच्या भुशात, जुन्या कॉम्प्युटरवर गेम बनवत बसायचा. गेम साधा. दारापुढं ताटकळलेली माणसं, हातात किल्ल्यांचा जुडगा, योग्य किल्ली शोधायची. चुकली की मागून एक बाई झापते. गेम बाजारात आणून विकणाऱ्या एका प्रकाशकाला तो आवडला आणि त्यानं करारपत्र पाठवलं. भाचा ते घेऊन माझ्याकडे आला. मी घरकामगारांची, फेरीवाल्यांची भांडणं अंगावर घेतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेनं मला लवकरच सोडलं, पण करारातल्या मखलाशीचा वास मला लांबून येतो.

यात तर दुर्गंधी होती. खर्च वजा जाता जे उरेल, त्यातले शंभरात वीस भाच्याला. खर्च किती झाला, ते प्रकाशक सांगणार. आणि गेम कायमचा त्याचा.

"सही केलीस तर तंगडी मोडीन," मी म्हणालो.

"पण दुसरं कुणी विचारतच नाही हो," भाचा रडकुंडीला आला. "हा पण गेला तर परत किल्ल्याच घासायच्या."

प्रकाशकाला भेटायला आम्ही निघालो, तर आत्यानं शटर खाली ओढलं. "पोरगं भोळं, तुम्ही तापट. मध्ये कुणीतरी शहाणं नको?"

ऑफिसात गालिचा होता म्हणून बूट बाहेर काढायला लावले. माझा अंगठा मोज्यातून डोकावत होता, पण भांडण काही अंगठ्यानं करायचं नसतं. प्रकाशक तरुण, आवाज लोण्यासारखा.

"साहेब, जोखीम आमची आहे. गेम चालला तर, लोकांनी चांगलं लिहिलं तर, मोठ्या दुकानांनी पुढं मांडला तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" मी ओरडलो, आणि खरी आत्या शेजारीच बसल्याचं ध्यानात आलं.

"असत्या तर तुमच्यापेक्षा बऱ्या राखल्या असत्या," ती म्हणाली.

मी खर्चाला मर्यादा मागितली, हिशेब मागितला, निम्मा वाटा मागितला. टेबलावर हात आपटून माझा तळवा लाल झाला, पण तो हसतच राहिला. मग गेममध्ये काय बदल हवेत ते दाखवायला त्यानं भिंतीएवढ्या पडद्यावर गेम सुरू केला. जुडगा खुळखुळला. त्यानं चुकीची किल्ली लावली. आणि चारी कोपऱ्यांतून आवाज घुमला, "डोळे आहेत की कुलपाची भोकं?"

आत्यानं दचकून मागं पाहिलं. मग हळूहळू भाच्याकडं पाहिलं.

"हा माझा आवाज आहे."

भाचा खुर्चीत विरघळला. त्यानं किल्ल्यांच्या डब्यामागं मोबाइल ठेवून महिनोन् महिने तिचं बोलणं भरून घेतलं होतं.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नीट बोलली असतीस गं, आत्या!"

प्रकाशक सावध झाला. "म्हणजे बाईंची परवानगीच नाही? मग आवाज बदलू." त्यानं बाहेरच्या काउंटरवरच्या मुलीला बोलावलं. तिनं "डोळे आहेत की कुलपाची भोकं" असं म्हटलं, की जणू स्टेशनवर गाडी सुटायची घोषणा करत होती. मग तो स्वतः ओरडून बघायला गेला, तर त्याला ठसका लागला.

"नाही जमत," तो घोटभर पाणी पिऊन म्हणाला. "चाचणीला बसवलेले सगळे या बाईंच्या शिव्या ऐकायला मुद्दाम चुकीची किल्ली लावत होते." आणि त्यानं जीभ चावली.

मी उठणार, तोच आत्यानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"हे बघ बाबा, हे भाऊ मघापासून जे ओरडतायत ना, ते सगळं लिही. बोलतात बरोबर, फक्त ऐकवत नाही. त्याशिवाय माझा आवाज मिळायचा नाही."

त्यानं बराच वेळ कपाळ चोळलं. मग लिहिलं. खर्चाला मर्यादा, दर तिमाहीला हिशेब, उरेल ते निम्मं-निम्मं, आणि पाच वर्षांनी गेम परत भाच्याचा.

"आता पोराच्या निम्म्यातला चौथा हिस्सा माझा," आत्या म्हणाली.

"घरातल्या घरात कसला हिस्सा?" भाचा चाचरला. आणि मीही बोलून गेलो, "ते घरी बसून ठरवू की."

"का हो भाऊ? मोर्चात तर गळा फाडून सांगता, बाईचं घरातलं काम हेही कामच. मोर्चा संपला की काय?"

तेही लिहिलं गेलं. मी खाली मान घालून साक्षीदाराची सही केली.

गेम बरा चालला. बंगला झाला नाही, पण भाच्याला नवा कॉम्प्युटर घेता आला. पहिल्या तिमाहीचा हिशेब आला तेव्हा मी दुकानातच होतो. आत्यानं चष्मा लावून तो वाचला आणि सरळ फोन लावला. "काय रे, हा प्रवासखर्च कुठला? कुठं गेला होतास? गेम तर खुर्चीत बसूनच विकतोस ना? का तुझ्या खुर्चीला चाकं आहेत म्हणून भाडं लावलंस?"

पलीकडून बरीच मिनतवारी झाली, आणि प्रवासखर्च कापला गेला. भाचा दारात उभा राहून पोट धरून हसत होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला, मग थबकला. "आत्या, हे खुर्चीचं पुढच्या गेममध्ये घेऊ का गं?"

आत्यानं यंत्र सुरू केलं. "आधी दर ठरव."