अर्धी नक्कल

निजामी अमलात उस्मानाबादच्या कचेरीत जुने निकाल सांभाळणारे एक कारकून होते. उर्दू कागद ते आधी मनात वाचत, मग मराठीत सांगत. नाव फिर्यादीचे असो की चोराचे, ते त्याला 'राव' लावत.

आजोबा खटल्यातून निर्दोष सुटले, असे आमच्या घरी सांगत. तो कागद वंशावळीला जोडायचा म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. खटला सरकारी रानातले चंदन तोडल्याचा होता. हुकूम आजोबांनी दिला होता, कुऱ्हाड गड्याने चालवली होती. निकालात दोन्ही नोंदले होते.

"तुमच्या आजोबांस्नी समज देऊन सोडलं," कारकून म्हणाले. "लखूरावांना सहा महिने कैद."

"राव कसले? लख्या. पिढ्यान् पिढ्या आमच्याकडं राबणाऱ्यांतला."

"पगार काय व्हता?"

"पगार कशाला? घरचाच माणूस तो."

त्यांनी माझी वंशावळ पुढे ओढली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवले.

"घरचा व्हय? मग ह्यात कुठं हाय, दावा की."

मी हसलो. ते हसले नाहीत. बोट त्यांनी कागदावरच ठेवले.

"आजोबांच्या सुटकेपुरतीच नक्कल द्या," मी म्हणालो.

"अर्धी नक्कल निघत न्हाय, पाटील. निकाल दोघांचा एकच हाय."

त्यांनी पूर्ण नक्कल लिहून दिली. मी ती घरी नेली. अजून कुणाला दाखवलेली नाही.