मशिनवरची बांगडी

मुलाला जीन्स घ्यायला कॅम्प तीनच्या कपडे बाजारात गेले होते. कोऱ्या कापडाचा उग्र वास नाकात गेला आणि मी थेट लग्नाआधीच्या त्या कारखान्यात जाऊन उभी राहिले.

आम्ही बायका तिथे शिवलेल्या जीन्सचे धागे कापायचो. काचेच्या बांगड्या कापडात अडकून फुटायच्या, म्हणून सकाळीच काढून खिडकीत ठेवायचो. ज्या कारागिराचं काम मागे पडेल, त्याच्या मशिनला कामावर देखरेख करणारा मास्तर त्यातलीच एक बांगडी अडकवायचा. ‘‘भर हातात!’’ म्हणायचा. पुरुष हसायचे, आम्ही खाली मान घालून धागे कापायचो.

एके दिवशी त्याने आमच्यातल्या शोभाताईंची हिरवी बांगडी उचलून एका कारागिराच्या मशिनला अडकवली. ताई उठल्या. एकेक मशिन थांबत गेलं.

‘‘मास्तर, माझी बांगडी द्या.’’

‘‘अरे ताई, मजाक चाललाय.’’

‘‘मग मलाही सांगा ना, कशाला हसायचं ते.’’

मास्तरची मान लाल झाली. ताईंचं काम आता गेलंच, असं मला वाटलं. तेवढ्यात त्या कारागिरानेच बांगडी काढून ताईंच्या हातात दिली. ताईंनी ती तिथेच चढवली आणि पुन्हा कात्री घेतली. मग आम्ही सगळ्याच खिडकीकडे गेलो आणि आपापल्या बांगड्या चढवल्या. त्या दिवशी खूप काच फुटली, पण खिडकीत परत कुणी बांगडी ठेवली नाही.

‘‘घाबरतोस काय? बांगड्या भर!’’ इकडे दुकानात माझा मुलगा फोनवर मित्राला म्हणाला.

मी बांगड्या वर सारल्या आणि मनगटावरचा त्या दिवशीचा काचेचा वण त्याच्यापुढे धरला.

‘‘हा बघ,’’ म्हटलं, ‘‘बांगड्या भरलेला हात.’’