मुद्दाम सैल ठेवलेला सांधा

माझ्या दुकानाला लागूनच पाइपवाल्यांचं दुकान आहे. मधली भिंत इतकी पातळ की त्यांनी कानस खाली ठेवली तरी मला ऐकू येतं, आणि माझ्या मशिनचा पट्टा सुटला की पलीकडून तेच आधी ओरडतात, "बाई, पट्टा गेला!" मी कपडे शिवते. खरं सांगायचं तर शिवते कमी आणि उसवते जास्त. माणसं जाड होतात, बारीक होतात, पुन्हा जाड होतात, त्यावर माझं पोट चालतं. एकदा आलेलं गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीनदा तरी परत येतं, आणि येताना सुनेच्या, जावयाच्या, गुडघ्याच्या गोष्टी घेऊन येतं. पाइपवाल्यांकडे एकदा आलेलं माणूस पुन्हा फिरकत नाही. काम वाईट असतं तर भांडायला तरी आलं असतं. काम इतकं चांगलं आहे की कोणाला परत यायची गरजच पडत नाही.

ते बासऱ्या करतात. आडवी धरून वाजवायची ती नव्हे, उभी. हनुवटीला टेकवून सरळ खाली धरायची आणि वरच्या उघड्या तोंडाच्या काठावर फुंकर घालायची, पोरं रिकाम्या बाटलीवर घालतात तशी. बाटली निदान लगेच वाजते, ही वाजत नाही. मी एकदा हौसेने प्रयत्न केला, तर फुसफुस आणि थुंकी याखेरीज काही निघालं नाही. पाइपवाले हसले नाहीत. "महिनाभर हेच होतं," म्हणाले. मी म्हटलं, महिनाभर फुंकायला मला चूल पेटवायची नाहीये, आणि बासरी त्यांच्या हातात दिली.

मूळचे ते प्लंबर. बासरीचं वेड त्यांच्या बायकोला. तिच्याकडे बांबूची होती, आणि हवा कोरडी झाली की ती दर वर्षी तडकायची. बायको रडकुंडीला यायची आणि हे संतापायचे. मी उसवायचे कपडे कोपऱ्यात टाकून ठेवते तसं त्यांनी तो प्रश्न डोक्यात टाकून ठेवला होता, आणि एका रविवारी कामावरून उरलेला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा घेऊन बसले. "मी भिंतीत घातलेला पाइप घर पडेपर्यंत टिकतो, आणि हिचा बांबू वर्ष काढत नाही म्हणजे काय!" पाइप तापवून, निमुळत्या लोखंडी सळईवर चढवून त्यांनी तो आतून खाली अरुंद करत नेला. वरच्या काठाला तिरपा छेद दिला आणि त्यात पांढऱ्या कडक प्लास्टिकची चिप बसवली, म्हणजे ओठाने काठ झिजायला नको. भोकं आधी बारीक पाडायची आणि मग बायको वाजवत असताना कानशीने एकेक मोठं करत सुरात आणायचं. भांडत भांडत केलेली ती पहिली बासरी बायकोने मरेपर्यंत वाजवली.

बायको गेली आणि बासरी आहे तशी राहिली. तिला साधा ओरखडाही नाही. पाइपवाले ती कधी काढून पुसतात तेव्हा मला त्या बासरीचा राग येतो. माणसाने इतकं न मोडणारं काही करू नये.

त्या पहिल्या बासरीनंतरच त्यांनी प्लंबिंग सोडलं होतं आणि हाच धंदा धरला होता. आता ते सायकलींना लागते तसली काळी कार्बनची नळी वापरतात. बासरी दोन तुकड्यांत, मधे सांधा, सांध्याला धातूची कडी आणि आत दोन रबरी कड्या. गिऱ्हाईक आलं की ते बासरी फरशीवर आपटून दाखवतात. एकाला विश्वास बसेना, तर हे तिसऱ्या मजल्यावर गेले आणि तिथून खाली टाकली. खाली एका म्हाताऱ्याच्या पायाजवळ पडली, त्याने शिव्या घातल्या, पण बासरी वाजली. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन गेलं आणि रिवाजाप्रमाणे कायमचं गेलं.

समोरच्या कोपऱ्यावर एक बांबूवाला बसतो. त्याच्या बासऱ्या तडकतात, किडतात, वाकतात. त्याच्या बाकावर सदा कोणीतरी बसलेलं असतं, तडकलेली बासरी मांडीवर घेऊन, आणि दुरुस्तीच्या नावाखाली गप्पा झोडत. दुपारी पाइपवाले दाराशी उभे राहून तिकडे बघतात. "कच्चं काम," असं म्हणतात खरं, पण नजर बाकावरच असते.

त्यांना एकच मुलगी. शिकली, लांबच्या शहरात नोकरीला लागली, आई गेल्यावर एकदा येऊन गेली आणि त्यानंतर आलीच नाही. वाईट नाही पोर. दर रविवारी दुपारी न चुकता फोन करते. पण स्पीकरवरच्या त्या फोनचा मला भिंतीतून वीट आला होता. पाइपवाले विचारायचे, "बासरी कशी आहे?" निघताना त्यांनी तिला एक करून दिली होती, तिची चौकशी. ती म्हणायची, "ठणठणीत आहे, बाबा." मग दोघंही गप्प. मग "जेवलात?" "जेवलो." "बरं मग, ठेवू?" "ठेव."

एकदा न राहवून मी त्यांच्या दुकानात जाऊन कडाडले, "बासरीला काय झालंय? विचारा ना सरळ, कधी येतेस म्हणून!"

"तिला काम असतं, बाई."

"काम सगळ्यांनाच असतं. तुमचं ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललंय नुसतं."

ते हातातल्या नळीला पॉलिश पेपर मारत राहिले. मग म्हणाले, "बासरी बिघडली असती तर आली असती. माझ्याशिवाय दुरुस्त कोण करणार?"

मला वाटलं बोलून गेले, विसरतील. तर हा माणूस दुसऱ्या दिवसापासून मुलीसाठी नवी बासरी करायला बसला. वाढदिवसाची भेट, असं मला सांगितलं. पण सांध्याला कडी नाही, रबर नाही, नुसता सुती दोरा गुंडाळलेला, जुन्या पद्धतीचा. दोऱ्याखालची जागाही कानशीने केसभर जास्त घासून घेतली. मला समजावून सांगितलं: आत्ता घट्ट बसेल, दोरा वाळला की सैल होईल, हवा निसटेल, आणि सगळी भोकं बंद करून येणारा सगळ्यात खालचा सूर आधी जाईल. मग बाकीचे.

सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. कानस दोनदा हातातून निसटली. मी म्हटलं, "जन्मात पहिल्यांदा वाईट काम करताय, तेही धड जमत नाहीये." ते हसले. फार दिवसांनी हसले म्हणून मीही पुढे काही बोलले नाही.

बासरी गेली. मुलीचा फोन आला, "किती हलकी आहे, बाबा! छान वाजते." पाइपवाल्यांचं तोंड पडलं. पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "सांधा कसा आहे?" त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. चोराच्या मनात चांदणं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांध्याचं काय घेऊन बसलात?"

आणि मग एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, खालचा सूर लागेनासा झालाय."

मी मशिन थांबवलं.

"मग घेऊन ये," पाइपवाले म्हणाले. इतकं पटकन म्हणाले की मलाच लाज वाटली.

"कुरियरने पाठवू का?"

"छे छे! कुरियरवाले आपटतात." तिसऱ्या मजल्यावरून बासरी टाकणारा माणूस हे बोलला. "हाताने आणावी लागेल. मला तुझ्यासमोर बसून बघावं लागेल, तू वाजवशील आणि मी घासेन. आईच्या वेळी करायचो तसं."

ती म्हणाली, "बघते रजेचं."

तो आठवडा मी विसरणार नाही. दुकानामागची तिची खोली पाइपांनी भरलेली होती. सगळे पाइप त्यांनी बाहेर काढून गल्लीत रचले, आणि येणाराजाणारा त्यावर ठेचकाळून त्यांना बोल लावत होता. त्यांनी गादी उन्हात घातली. मला गादीची खोळ शिवायला सांगितली, पडदा शिवायला सांगितला, पडद्याचा रंग दोनदा बदलला. मी दोनशे शब्द ऐकवले आणि दोन्ही वेळा शिवून दिला. खिडकीची एक काच कधीची फुटलेली होती, ती बसवून घेतली. आणि सबंध आठवडा ते गुणगुणत होते, बेसूर. बासरी करणारा माणूस इतका बेसूर गुणगुणतो हे मला शेजारी राहून इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, कारण ते कधी गुणगुणलेच नव्हते.

रविवारी त्यांनी मला हाक मारली. "बाई, या. कधी येतेय ते सांगेल आता." मी हातातली सुई पदराला टोचली आणि गेले. त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला आणि समोर हात बांधून बसले, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तसे.

"बाबा, ऐका हं," मुलगी म्हणाली, आणि तिने वाजवायला सुरुवात केली.

वरून एकेक सूर खाली येत गेला. शेवटी तो खालचा, सगळ्यात खालचा, भरून आला. टेबलावरचे स्क्रू थरथरले असं मला वाटलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो सूर पक्का होता हे मलाही कळलं.

"लागला ना?" तिचा आवाज नुसता उसळत होता. "तुम्ही दोरा घातला होता तो वाळून सैल झाला होता. मी सगळा काढला. नायलॉनचा घेतला, मेण चोळलं आणि घट्ट गुंडाळला. लहानपणी तुमचे सांधे मीच गुंडाळायचे की! कड्या यायच्या आधी. आठवतं? दारात बसून, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून. मला वाटलं हात विसरला असेल, तर नाही विसरला. आता तुम्हाला काही त्रास नाही, बाबा. मला यायलाही नको."

मी तोंड उघडलं. मी काय काय बोलणार होते ते सगळं ओठांवर आलं होतं. पाइपवाल्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. विनवणी नव्हती ती, हुकूम होता. मी गप्प बसले. आजवर मला कोणी असं गप्प केलं नाही.

"मेण आधी चोळलंस की नंतर?" त्यांनी विचारलं.

"आधी. आणि वरून परत."

"वेढे एकावर एक चढले नाहीत ना?"

"नाही. शेजारी शेजारी."

"शाबास," ते म्हणाले. "बरोबर केलंस."

"बरं मग, ठेवू?"

"ठेव."

फोन बंद झाल्यावर मी भडकले. "अहो, सांगायचं होतंत! त्या पोरीला काय कळतंय? तिला वाटलं ती तुमचं ओझं हलकं करतेय! द्या तो नंबर, मी सांगते."

"काय सांगाल? बापाने मुद्दाम खराब करून पाठवली?" ते फोनकडे बघत म्हणाले. "किती आनंदाने वाजवली तिने, ऐकलंत ना? त्यात मी माती कालवू?"

"मग बासरीचं नका सांगू. नुसतं ये म्हणा. तीन अक्षरंही नाहीत त्याला!"

मला त्यांचा राग येत होता. मग त्यांनी फोन उचलला आणि स्वतःच लावला. त्यांनी आपण होऊन फोन लावलेला मी कधी पाहिला नव्हता. स्पीकर अजून चालूच होता. तिकडे रिंग वाजली, मुलीने घाईने उचलला.

"काय झालं, बाबा?"

पाइपवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, बोला, बोला. त्यांनी ओठ ओले केले.

"काही नाही गं. तो दोरा फार आवळू नकोस, एवढंच सांगायचं होतं. नळी चिरेल."

तिकडे मागे कुठेतरी गाड्या जात होत्या.

"बाबा," मग ती सावकाश म्हणाली, "ही नळी चिरत नाही."

"हो. खरंच की. लक्षात नाही राहिलं."

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय होतंय," ते म्हणाले, आणि तिने पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवून दिला.